पुढची दोन बोटं

गल्लीतल्या लोकांनी त्या तिघींना नावं ठेवली होती, म्हणजे खरोखरीची नावं: थोरली, मधली आणि धाकटी. आजी, आई आणि नात. तिघींचा धंदा एकच, केसांचे टोप बनवण्याचा. थोरलीने तो नाटकवाल्यांसाठी सुरू केला. मधलीने आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी टोप बनवायला घेतले आणि दुकानाला बरे दिवस आणले. धाकटी त्या दुकानाचं पुढे काय करणार आहे, हे मात्र मधलीला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं की धाकटी म्हणायची, "करतेय ना काहीतरी. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" आणि मधलीच्या डोक्याला ताप व्हायचा तो नेमका या उत्तराने.

पण खरा संशय आला तो एका कौतुकातून.

सोमवारी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच गणिताच्या शिक्षिका आल्या. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या, औषधांनी केस गेलेल्या. आठवड्यापूर्वीच त्यांनी टोप नेला होता. इतक्या लवकर परत आल्या म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं धरून मधली लगबगीने पुढे झाली.

"काही टोचतंय का? मागे सैल होतोय?"

"छे हो! एका मुलीने मला भर वर्गात विचारलं, टीचर, तुम्ही केस कुठे कापून घेतले? छान दिसतात म्हणाली." शिक्षिकांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्याही. "कापून घेतले! ऐकलंत? मी घरी जाऊन आरशाला नाक लावून पाहिलं. कपाळावर केस कुठून सुरू होतात ते माझं मलाच सापडेना. तुमच्या हाताला तोड नाही, खरं सांगते."

"बसा. जरा उजेडात बसा," मधली म्हणाली.

तिने त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि वाकून पाहिलं. टोपाची सगळी अब्रू पुढच्या दोन बोटं जागेत असते. मागे, वर, कानांमागे एका गाठीत तीन-चार केस बसवले तरी चालतात, कोण बघतंय. पण कपाळालगतच्या दोन बोटं पट्टीत जाळीच्या एकेका भोकात एकेकच केस, तोही असा बसवावा लागतो की तो कातडीतून उगवल्यासारखा वाटेल. बारीक आकडीच्या सुईने मारलेली ती गाठ ज्याची त्याची वेगळी असते, अक्षरासारखी. मधलीने स्वतःची गाठ झोपेतही ओळखली असती. धाकटीची तर तिनेच हात धरून गिरवून घेतलेली. ती जरा जास्तच आवळते, आणि केस डावीकडे कलतो.

इथे एकही केस डावीकडे कललेला नव्हता. एक इकडे, दुसरा किंचित तिकडे, तिसरा आधी उभा राहून मग मागे वळलेला. गाठ शोधून सापडत नव्हती.

हे काम तिचं नव्हतं. धाकटीचंही नव्हतं.

"सुंदर बसलाय," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परक्यासारखा वाटला. "कोमट पाण्यात धुवा फक्त. पिळू नका."

शिक्षिका गेल्या. मधली काउंटरकडे वळली. भिंतीवरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती, काही बोडकी, काही अर्ध्या केसांची. आज तिला वाटलं, ही सगळी काहीतरी जाणून आहेत आणि मुद्दाम गप्प आहेत.

गेल्या वर्षीपासून कामाची वाटणी अशी होती: मागचं आणि वरचं मधली करायची, पुढची दोन बोटं धाकटी. ही वाटणी धाकटीनेच सुचवली होती. "दुकानात सारखी बेल वाजते, आई. पुढचं काम मी माझ्या खोलीवर निवांत करते," असं म्हणून ती गोल डब्यात टोपासकट लाकडी डोकं घालून न्यायची आणि तीन-चार दिवसांनी पुरं करून आणायची. ती मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती, तेही मधलीने कसंबसं गिळलं होतं. आणलेलं काम चांगलं असायचं. पोरीचा हात सुधारतोय, या समाधानात मधलीने कधी भिंग लावून पाहिलं नाही. आता तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं धंद्यात घालवून आपण आंधळ्यासारखे राहिलो.

मग हे कोण करतंय?

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिच्यापुढे एकच चेहरा येत होता, चौकातल्या शोरूमवाल्याचा. त्याच्याकडे कारखान्यातून पेट्यांनी टोप यायचे. बाहेरगावचे कारागीर त्याच्या ओळखीचे. दोनदा तो दुकान विकत मागायला आला होता. दुसऱ्या वेळी मधलीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यावर जाताजाता तो धाकटीकडे बघून म्हणाला होता, "तुम्ही तरी विचार करा."

धाकटीने विचार केला असणार. केला नसेल कशावरून?

दुपारी धाकटी आली. नेहमीसारखी शिट्टी वाजवत, खांद्याला पिशवी, हातात फोन. मधली खिळ्यांच्या फणीतून केस ओढत बसली होती. लाकडी पाटावर ठोकलेल्या त्या टोकदार खिळ्यांतून केसांची जुडी खेचून काढायची, म्हणजे गुंता सुटतो आणि आखूड केस मागे राहतात.

"शिक्षिकाबाई आल्या होत्या," मधली खाली बघतच म्हणाली.

"हो? काय म्हणाल्या?"

"खूश आहेत. पुढचं काम फार आवडलं त्यांना."

"छान झालं की."

"किती दिवस लागले होते गं तुला त्या पुढच्याला?"

"चार." धाकटीचा हात पिशवीत काहीतरी शोधत राहिला. "का?"

"सहज."

एवढंच बोलणं झालं. पण धाकटीची शिट्टी थांबली ती थांबलीच, आणि मधलीने ते हेरून ठेवलं.

संध्याकाळी धाकटी मागच्या खोलीत फोनवर बोलत होती. मधली दाराशी कान लावून उभी राहणाऱ्यातली बाई नव्हती. ती फक्त दाराजवळचं कपाट पुसायला लागली. "नाही गं, तिला काहीच माहीत नाही," धाकटी हळू आवाजात म्हणत होती. "उद्या आणते. मंगळवार आहे ना. अकराच्या बसने निघते." मग हसून, "हो, ते पण विचारते त्याला."

कपाटाचं एकच दार मधलीने इतक्या वेळा पुसलं की त्याची चकाकी बाकीच्या दारांशी जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं, "मला आज दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. अकराला."

"मग दुकान?"

"बंद ठेवू दोन तास."

धाकटीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. भर दिवसा दुकान बंद ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.  तिने कोपऱ्यातला गोल डबा उचलला. त्यात एका बँकेतल्या बाईचा टोप होता, मागून पुरा झालेला, पुढून उघडी जाळी. त्या जाळीच्या आतल्या कडेला मधलीने पहाटेच एक लाल टाका घालून ठेवला होता. काम जाईल तिथून दुसरीच जाळी परत आली तर कळावं म्हणून.

धाकटी निघाल्यावर दोन मिनिटांनी मधलीने शटर ओढलं. शेजारचा चष्मेवाला धावत बाहेर आला.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"अजून नाही," मधली म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली.

बस गच्च भरली होती, हे तिच्या पथ्यावर पडलं. धाकटी पुढे, डबा पोटाशी धरून. मधली मागच्या दारात, एका जाड माणसाच्या आड. स्वतःच्या मुलीच्या पाठीवर अशी नजर ठेवून उभं राहताना तिला लाज वाटायला हवी होती. लाज वाटलीही, पण तिला बाजूला सारून संशय पुढे उभा राहिला. पाठ तिच्यासारखीच होती, जरा वाकलेली, मान पुढे. टोपवाल्यांची पाठ अशीच होते.

धाकटी चौकात उतरली आणि सरळ शोरूममध्ये शिरली.

मधलीही घाईने उतरली. समोर वर्तमानपत्रांचा स्टॉल होता. त्याच्या आडून काचेपलीकडचं सगळं दिसत होतं. शोरूमवाल्याने स्वतः उठून धाकटीला खुर्ची दिली. डबा उघडला. टोप हातावर घेऊन त्याने मागची बाजू उलटसुलट पाहिली. मग धाकटीने पिशवीतून दुसरं काहीतरी काढलं, तळहाताएवढा जाळीचा तुकडा, त्यावर केस बसवलेले. त्यावर तो नाक टेकेपर्यंत वाकला. नंतर त्याने एक कागद पुढे सरकवला. धाकटीने तो वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.

"ताई, पेपर घेणार आहात की नुसत्याच उभ्या?" स्टॉलवाला म्हणाला.

तिने एक पेपर विकत घेतला आणि उलटा धरला.

झालं तर मग. विकलं आपल्याला. आता आत घुसावं, त्या माणसाच्या दहा गिऱ्हाइकांसमोर पोरीची मानगूट धरावी, असं तिला वाटलं. पण धाकटी डबा घेऊन बाहेर पडली आणि पुन्हा बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. म्हणजे काम इथे होत नव्हतं. ते करणारे हात आणखी कुठेतरी होते, आणि ते हात पाहिल्याशिवाय मधलीला चैन पडणार नव्हती.

दुसरी बस नदीपलीकडे गेली. धाकटी ज्या थांब्यावर उतरली तो मधलीच्या पायाखालचा होता. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ राहत होता, आणि त्याच्याकडे थोरली.

मधली बाकावर मटकन बसली. पोर आजीला भेटायला आली होती! आपण स्वतः किती दिवसांत आईकडे फिरकलो नाही हे तिला आठवलं आणि तिचा चेहरा गरम झाला. उठावं, घरी जावं, रात्री शोरूमबद्दल सरळ विचारावं. ती उठलीसुद्धा. पण बस यायला वेळ होता, आणि तेवढ्यात धाकटी खाली उतरली. वीस मिनिटंही झाली नव्हती. ती भराभर चालत गेली, दोन्ही हात मोकळे सोडून.

डबा वरच राहिला होता.

मधलीने तीन मजले एका दमात चढून बेल दाबली. भावाच्या बायकोने दार उघडलं.

"विसरलीस ना काहीतरी..." असं म्हणता म्हणता तिने जीभ चावली. "अगंबाई, ताई! तुम्ही? आज?"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं. मधली तिला ओलांडून आत गेली.

खिडकीशी टेबल होतं. टेबलाला लांब मानेचा दिवा जोडलेला, त्याच्या मध्यभागी ताटलीएवढं भिंग आणि भिंगाभोवती गोल पांढरा उजेड. त्या उजेडाखाली बँकेतल्या बाईचा टोप आणि टोपावर वाकलेली थोरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती मान वर न करता म्हणाली, "हा लाल टाका कोणी घातला गं मूर्खासारखा? आता उसवावा लागणार."

"मी," मधली म्हणाली.

सुई थांबली. थोरलीने भिंग बाजूला सारलं आणि मुलीकडे निरखून पाहिलं, पायांपासून कपाळापर्यंत.

"वाळलीस," ती म्हणाली. "बस."

"आई, तुला दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते! सहा वर्षांपूर्वी..."

"सहा वर्षांपूर्वी तू माझ्या हातातली सुई काढून घेतलीस. एका नटाच्या टोपाचा भांग वाकडा गेला, तो तुझ्यावर ओरडला, आणि तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, आई, आता पुरे." थोरली हे शांतपणे सांगत होती, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत. "मग मी इकडे आले. पुढच्याच वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तू भेटायला आलीस, सफरचंदं घेऊन. दिसतं का, असं विचारलंस का एकदा तरी?"

मधलीला आठवलं. सफरचंदं आठवली. विचारल्याचं आठवेना.

"हा दिवा तिने आणला," थोरली म्हणाली. "गेल्या वर्षी. म्हणाली, आजी, नुसतं बघ, जमतंय का. पहिले दोन महिने हात थरथरायचा. मग बसला."

मधलीने खुर्ची ओढली. तिच्या मनात काय काय उसळत होतं, आणि त्यात सगळ्यांत वर आलं ते भलतंच होतं. ती टोपावर वाकली. नुकत्याच बसवलेल्या बाराएक केसांची ओळ होती, इकडे, तिकडे, उभा राहून मागे वळलेला.

"हे तू दुकानात कधीच असं करत नव्हतीस."

"करत होते. तुझी पाठ फिरली की."

"मला कधी दाखवलं नाहीस."

"नाही दाखवलं."

"मला म्हणायचीस, मागचं शीक, पुढचं आपोआप येईल!"

"आलं का?"

 तीस वर्षं. ती तीस वर्षं पुढच्या दोन बोटांशी झटत होती. गिऱ्हाइकांना कपाळावर पट्टी बांधायचे, बट पुढे घ्यायचे सल्ले देत होती, आणि आपला हातच बोजड आहे असं मानून चालली होती.

"का, आई?"

थोरलीने सुई गादीत टोचून ठेवली. "भीती वाटायची," ती म्हणाली. "तू हुशार. भराभर उचलायचीस. मला वाटायचं, हिला सगळं आलं की हिला माझी गरज काय? म्हणून एवढं एक ठेवलं मागे. शेवटी घरी बसायचं ते बसलेच. काही उपयोग झाला नाही."

"आणि नातीला मात्र दाखवलंस."

"तिला दाखवलं, पण अट घातली. आईला कळता कामा नये." थोरली जराशी हसली आणि ते हसू काही फार गोड नव्हतं. "बघायचं होतं मला, तुला किती दिवसांनी ओळखू येतंय. वर्ष लावलंस."

मधली उठली. पायऱ्या उतरून ती थांब्यावर आली. बसमध्ये बसायला जागा मिळाली. हातात तो उलटा धरलेला पेपर अजून होता. खिडकीतून बाहेर बघताना तिला एक गोष्ट हळूहळू कळत गेली, आणि ती तिला मुळीच आवडली नाही. काल खिडकीच्या उजेडात केसांची ती ठेवण तिला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली होती. नक्की वाटली होती. पण शोरूमवाल्यावर संशय घेणं तिला सोपं गेलं.

दुकानात धाकटी वाट बघत होती. शटर उघडं, दिवे लागलेले. मामीचा फोन आला असणार हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

"दात कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"चेष्टा नको. तो कागद दाखव."

"कुठला?"

"शोरूमवाल्याने दिलेला. मी स्टॉलच्या आड होते."

धाकटीने आधी आ वासला, मग कागद काढून काउंटरवर ठेवला. "तू माझ्या मागे आलीस? बसने?"

"तू मला वर्षभर फसवलंस. आपण दोघी फिट्टंफाट. हे काय आहे?"

"वाच ना."

मधलीने चष्मा लावला आणि तीनदा वाचलं. शोरूमवाल्याला दुकान नको होतं, म्हणजे आता नको होतं. त्याच्या कारखान्याच्या टोपांना पुढची पट्टी हाताने बसवून हवी होती. महिन्याला सहा. खाली सहीची जागा मोकळी होती.

"मी सही केलेली नाही," धाकटी म्हणाली. "तुझ्याशी बोलणार होते."

"कधी?"

"तू चिडणार नाहीस त्या दिवशी."

"म्हणजे कधीच नाही."

"तेच तर!" धाकटीचा आवाज चढला. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, आई? आजीकडचं काम त्याच दिवशी बंद केलं असतंस. आईचे डोळे, आईचं वय, लोक काय म्हणतील, हेच म्हणाली असतीस. आणि शोरूमचं नाव काढलं की तू भांडी आपटतेस. मग माणूस चोरूनच करणार ना? आणि फसवण्याचं म्हणशील तर, तू केस रंगवायला घेतलेस की दार का लावून घेतेस गं?"

मधलीने चष्मा काढून ठेवला.

मागच्या खोलीत ती महिन्यातून दोनदा केस रंगवायची. काळा म्हणून जो रंग बाजारात मिळतो तो मेलेला दिसतो. ती त्यात आणखी दोन रंग घालायची, किती आणि कशानंतर कोणता ते तिच्या डोक्यात. ते तिने स्वतः शोधलं होतं, थोरलीकडून आलेलं नव्हतं. आणि त्या वेळी दाराला आतून कडी असायची. वाफ डोळ्यांत जाते, असं ती सांगायची.

"वाफ..." ती म्हणाली.

"आई."

"बरं. नाही वाफ." ती स्टुलावर बसली. "मला वाटायचं, तुला हे आलं की तू जाशील. त्या काचेच्या दुकानात, नाहीतर आणखी कुठे."

"आणि नाही आलं तर थांबेन?"

 थोरलीचाही हिशेब हाच होता आणि तो फसला होता, हे ती तासाभरापूर्वीच ऐकून आली होती.

त्या दिवशी गळामिठी वगैरे काही झालं नाही. धाकटी तणतणत लवकर निघून गेली. दोन दिवस दोघी कामापुरतं बोलल्या, ही जुडी दे, ती पिन दे. पण कागद काउंटरवरच राहिला. तिसऱ्या दिवशी मधलीने त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या: महिन्याला सहा नाही, चार. आणि प्रत्येक पट्टीच्या आत आपल्या दुकानाची चिठ्ठी शिवलेली असेल. धाकटीने ते वाचलं, भुवया उंचावल्या आणि जाऊन शोरूमवाल्याकडून ते कबूल करून आणलं. सही दोघींनी केली. तरी पुढचे कित्येक महिने मधली येताजाता चौकात थांबून काचेतून आत डोकावायची, चिठ्ठ्या काढून तर टाकत नाहीत ना हे बघायला. एकदा तिने गिऱ्हाईक म्हणून चष्मेवाल्यालाही आत पाठवलं. चिठ्ठी जागेवर होती.

थोरलीला दुकानात परत आणायचा तिने प्रयत्न केला. स्वतः न्यायला गेली. थोरली म्हणाली, "जिथून उठवलं तिथे मी पुन्हा बसत नाही." वर म्हणाली, "शिकायचं असेल तर तू इकडे ये." मधलीने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या मंगळवारी गेली.

ते शिकणं काही सुखाचं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी आईसमोर लहान मुलीसारखं बसायचं, आणि आईने बोटांवर सुईची दांडी मारायची. "उलटा फिरव आधी. गाठ मारायच्या आधी केस एकदा उलटा फिरवायचा, मग तो मुळातून उठतो. उलटा म्हणजे उलटा!" एवढीशी गोष्ट होती. इतकी लहान की मधलीला पहिल्या दिवशी रडू आलं. त्यातही थोरली अजून काहीतरी हातचं राखून ठेवतेय असा तिला संशय होता. ती भिंगातून केसांपेक्षा आईच्या बोटांकडेच जास्त बघायची. थोरलीला ते कळायचं आणि ती मुद्दाम हात आडवा धरायची. भावाची बायको चहा ठेवताना म्हणायची, "काय घर आहे! एक लपवते, दुसरी हुडकते." पाच महिन्यांनी मधलीची गाठ बसली. धाकटीइतकी चांगली नाही, पण बसली.

रंगाचं मात्र ती टाळत राहिली. सांगते, सांगते, गर्दी संपू दे. गर्दी संपली की म्हणायची, पुढच्या खेपेला.

आणि हिवाळ्यात तिला सणकून ताप भरला. उठवेना. दुकानात एका लग्नाळू मुलीचा टोप अर्धा राहिलेला, केस रंगवायचे बाकी, द्यायचा दिवस परवाचा. दुपारी धाकटीचा फोन आला.

"आई, पाणी उकळतंय. काळा घातलाय. आता?"

मधली अंथरुणात डोळे मिटून पडली होती. कुठेतरी नळ टपटपत होता.

"आई? ऐकतेस ना? उशीर झाला तर केस वाया जातील."

"तपकिरी," मधली म्हणाली. "दोन चमचे, सपाट. ढवळ. मग वीस मिनिटं थांब. मग लाल, चिमटीभर, तोही थंड पाण्यात कालवून. आणि लाल घातल्यावर गॅस बंद. झाकण नाही ठेवायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

फोन ठेवला आणि तिला घाम फुटला. तो तापाचा नव्हता. घराला कुलूप न लावता बाहेरगावी निघून आल्यासारखं वाटलं. ती कूस बदलत राहिली. तासाभराने तिला राहवेना. शाल गुंडाळून, भिंतीला धरत, रिक्षा करून ती दुकानात आली. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. धाकटी समोरच्या औषधांच्या दुकानात गेली होती, तिच्यासाठीच गोळ्या आणायला, पण हे तिला नंतर कळलं.

मागच्या खोलीत दोरीवर केस वाळत होते. मधलीने एक बट खिडकीकडे नेली. उजेडात ती काळी होती, आणि काळ्याच्या आत कुठेतरी ऊब होती. तिने दुसरी बट पाहिली, तिसरी पाहिली. चूक शोधायला आलेल्या माणसाला चूक मिळाली नाही की तो जसा उभा राहतो, तशी ती उभी राहिली.

मग तिने शाल खुर्चीवर टाकली, वाळलेली पहिली जुडी काढून घेतली आणि फणीपाशी जाऊन बसली. धाकटी गोळ्या घेऊन आली तेव्हा ती केस ओढत होती.

"तू उठलीस कशाला? विश्वास नाही ना माझ्यावर?"

"नाही," मधली म्हणाली. "पाणी आण. गोळी घेते."